सोपं करून शिकवा, कमी करून नको

बारा-तेरा वर्षांच्या मुलाला नीट वाचता येत नाही हे लक्षात आलं की शाळा सहसा एकच उपाय करते. त्याला बाजूला बसवते आणि खालच्या इयत्तेचं पुस्तक हातात देते. त्या पुस्तकात ससा असतो, फुगा असतो, दोन-तीन शब्दांची वाक्यं असतात. शेजारच्या बाकावरचा मित्र त्याच वेळी ज्वालामुखी का फुटतो ते शिकत असतो. ज्या मुलाला सायकलची उतरलेली चेन चढवता येते, धाकट्या भावंडाची समजूत काढता येते, ज्याला मिसरूड फुटायला लागलं आहे, त्याला आपण सांगतो की आधी ससा वाच, ज्वालामुखीचं नंतर बघू. हे 'नंतर' बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही.

सहावी ते आठवीच्या टप्प्यावर ज्या मुलांना शिकताना जास्तीचा आधार लागतो, त्यांच्यासाठी अभ्यासक्रम कसा असावा, या प्रश्नाचं रूढ उत्तर 'कमी असावा' हे आहे. धडे कमी, गणितं कमी, अपेक्षाही कमी. मला हे उत्तर चुकीचं वाटतं. त्याने मुलाचं मन दुखावतं हे तर खरंच, पण शिकण्याच्या हिशेबानेही ते तोट्याचं आहे. आशय वयाला साजेसा, वर्गातल्या बाकी मुलांचाच हवा. तिथवर जायची वाट वेगळी हवी, जास्त पायऱ्यांची, पुरेसा वेळ देणारी. आणि मागे राहून गेलेलं वाचन नि अंकगणित रोज, वेळ राखून, स्वतंत्रपणे शिकवायला हवं. ही दोन्ही कामं एकाच वेळी चालली पाहिजेत. एक संपल्यावर दुसरं, असा क्रम लावला की मूल दोन्हीकडून जातं.

आधी ही मुलं कोण ते पाहू. ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९७८ साली आपला अहवाल दिला. शालेय आयुष्यात कधी ना कधी दर पाच मुलांपैकी एकाला विशेष मदत लागू शकते, असा त्या समितीचा अंदाज होता. म्हणजे हा मूठभरांचा प्रश्न नाही. यात डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन जड जाणं, असलेली मुलं आहेत, आकड्यांशी झगडणारी आहेत, लक्ष टिकवणं जड जाणारी आहेत. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, अशी आहेत. आजारपणात किंवा स्थलांतरात शाळा बुडालेली आहेत. थोडं कमी ऐकू येतं हे कुणाच्या ध्यानातच आलेलं नाही, अशीही आहेत. इतक्या निरनिराळ्या कारणांना 'कच्ची मुलं' या एका गाठोड्यात बांधणं ही पहिली चूक. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची उद्दिष्टं मात्र खरोखरच वेगळी आखावी लागतात आणि त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवं. इथे मी बोलतो आहे ते उरलेल्या मोठ्या संख्येबद्दल, ज्यांची समज वयाला साजेशी आहे आणि कौशल्यं मागे पडली आहेत.

हा टप्पा अवघड का, याचं एक कारण शाळेच्या रचनेतच आहे. पहिली-दुसरीत एकच शिक्षक दिवसभर मुलाबरोबर असतो. वरच्या वर्गांत दर तासाला शिक्षक बदलतो. विज्ञानाच्या शिक्षकाला मागे पडलेला मुलगा गप्प बसणारा वाटतो, गणिताच्या शिक्षकाला आळशी, भाषेच्या शिक्षकाला खोडकर. पूर्ण मूल कुणालाच दिसत नाही. दुसरं कारण पुस्तकांत आहे. वाचनाच्या अभ्यासक जीन चॉल यांनी १९८३ साली वाचनविकासाचे टप्पे मांडले. साधारण तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं आणि त्यानंतर शिकण्यासाठी वाचतं, हा त्यातला कळीचा मुद्दा. पुढची सगळी पाठ्यपुस्तकं वाचता येतं असं गृहीत धरूनच लिहिलेली असतात. ज्याला ते येत नाही त्याच्यासाठी भूगोल, इतिहास, विज्ञान अशी सगळी दारं एकदम बंद होतात.

आणि तिसरं कारण वयाचं. आपली पाळी येणार असं दिसलं की पाणी प्यायला जायची परवानगी मागणारा मुलगा प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला असतो. सगळ्यांसमोर अडखळत वाचण्यापेक्षा दंगा करून वर्गाबाहेर उभं राहणं त्याला परवडतं. त्याच्या हातात सशाचं पुस्तक दिलं तर तो ते दप्तरात उलटं घालतो, कुणाला मुखपृष्ठ दिसू नये म्हणून.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आधी वाचन सुधारू, मग विषय शिकवू, हा विचार वरवर पाहता तर्काला धरून वाटतो. पण आकलन म्हणजे नुसतं अक्षरं जुळवण्याचं कसब नाही. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सातवी-आठवीची ६४ मुलं होती, म्हणजे नेमकी आपण बोलतो आहोत त्याच वयाची. त्यांचे चार गट होते. काही वाचनात चांगली, काही वाचनात मागे. दोन्हींतली निम्मी बेसबॉल जाणणारी आणि निम्मी त्यातलं फारसं न कळणारी. सगळ्यांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. मग मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवून, काय घडलं ते दाखवायला आणि सांगायला लावलं. वाचनात मागे असलेली पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात चांगली पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा बरीच पुढे राहिली. खेळ जाणणाऱ्या चांगल्या वाचकांच्या ती जवळ पोचली.

या एका निष्कर्षावर अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी थांबून विचार करावा. ज्या विषयाची माहिती डोक्यात आहे त्या विषयाचं वाचलेलं कळतं. मग वाचनात मागे असलेल्या मुलाकडून तीन वर्षं विज्ञान, इतिहास आणि भूगोल काढून घेतला तर काय होईल? त्याच्याकडे माहिती कमी साठेल, शब्द कमी साठतील आणि आठवीत त्याच्यासमोर जो मजकूर येईल तो त्याला सहावीतल्यापेक्षाही अधिक परका वाटेल. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली या चक्राचं सविस्तर वर्णन केलं. चांगलं वाचणारे जास्त वाचतात म्हणून आणखी चांगले होतात, मागे असलेले कमी वाचतात म्हणून आणखी मागे पडतात. हलका केलेला अभ्यासक्रम या चक्राला आपल्या हाताने गती देतो. मदत म्हणून दिलेली गोष्टच मुलाचं अंतर वाढवते, आणि ते वाढलेलं अंतर पाहून पुढच्या वर्षी अभ्यासक्रम आणखी हलका केला जातो.

मग वाचताच येत नाही त्याला तोच आशय शिकवायचा कसा? जलचक्राचा धडा घेऊ. पुस्तक उघडायच्या आधी शिक्षक गरम पाण्याच्या भांड्यावर थंड ताटली धरतात. ताटलीखाली थेंब जमतात. ते कुठून आले यावर मुलं बोलतात. यात वाचनात मागे असलेलं मूल हमखास बोलतं, कारण पाहण्यात आणि तर्क करण्यात ते मागे नसतं. मग धड्यातले फक्त पाच-सहा कळीचे शब्द फळ्यावर येतात. 'बाष्पीभवन' हा शब्द एका दमात वाचायला अवघड. त्याचे दोन तुकडे करून 'भवन' म्हणजे होणं हे सांगितलं की द्रवीभवन, घनीभवन हे शब्द पुढच्या पानांवर ओळखीचे म्हणून भेटतात. त्यानंतर शिक्षक उतारा एकदा मोठ्याने वाचतात, मुलं ओळीखाली बोट फिरवत ऐकतात. दुसऱ्यांदा जोडीने वाचन होतं. शेवटी त्या मुलाने एकट्याने वाचायचा भाग असतो तो चार ओळींचा, पण त्या चार ओळी पुस्तकातल्याच असतात. लिहिताना त्याला वाक्यांची सुरुवात दिलेली असते: 'पाणी तापलं की...', 'वाफ थंड झाली की...'. पुढचं तो पूर्ण करतो. धडा तोच, प्रश्न तोच. पोचायच्या वाटेवर आधार तेवढा जास्त, आणि तो आधार महिन्यागणिक कमी करत जायचा.

गणितात परिस्थिती आणखी नाजूक असते, कारण तिथे मुलं उत्तरं काढत असतात आणि तरी काही कळलेलं नसतं. अमेरिकेत १९७८ साली झालेल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ आणि ७/८ यांच्या बेरजेचा अंदाज विचारला होता. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक एवढे, म्हणून उत्तर दोनच्या जवळ. ते फक्त २४ टक्के मुलांना सांगता आलं. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडलं, म्हणजे अंशांची किंवा छेदांची बेरीज करून टाकली. या मुलांना अपूर्णांक ही एक संख्या आहे हेच कधी कळलं नव्हतं. त्यांच्यासाठी ती रेघेच्या वर-खाली लिहिलेल्या दोन सुट्या आकड्यांची जोडी होती.

अशा मुलाला आपण काय देतो? सरावासाठी बेरजेची आणखी वीस उदाहरणं देतो, किंवा 'अपूर्णांक याला झेपत नाहीत' म्हणून तो घटकच सोडून देतो. रॉबर्ट सीगलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ब्रिटन आणि अमेरिकेतल्या मुलांची आकडेवारी तपासून दाखवलं की दहा वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार किती समजलेत, यावरून सोळाव्या वर्षी बीजगणितात आणि एकूण गणितात मूल कुठे असेल याचा अंदाज येतो. घरची मिळकत, आईवडिलांचं शिक्षण, मुलाची बुद्धिमत्ता, हे सगळं लक्षात घेऊनही हा संबंध टिकतो. म्हणून अपूर्णांक वगळणं म्हणजे त्या मुलाच्या पुढच्या सगळ्या गणितावर फुली मारणं.

वगळण्याऐवजी करायचं असं: कागदाची एक लांब पट्टी घ्यायची, एका टोकाला ०, दुसऱ्या टोकाला १. घडी घालून १/२ कुठे येतो ते बघायचं. पुन्हा घडी घालून १/४, ३/४. दुसरी पट्टी शेजारी जोडून ५/४ कुठे जाईल ते मुलाला विचारायचं. एकच्या पलीकडे बोट ठेवताना तो थबकतो, कारण अपूर्णांक एकापेक्षा मोठा असू शकतो हे त्याने ऐकलेलंच नसतं. तिथे थांबायला वेळ द्यायचा. त्यानंतर १२/१३ साधारण कुठे असेल हे तो पट्टीकडे पाहून सांगतो आणि १९ हे उत्तर त्याचं त्यालाच अशक्य वाटू लागतं. लिन फुक्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गणितात मागे पडण्याचा धोका असलेल्या चौथीच्या मुलांना अशाच संख्यारेषेच्या अंगाने छोट्या गटांत शिकवलं होतं. नेहमीच्या वर्गात शिकणाऱ्या तशाच मुलांपेक्षा त्यांची समज चांगली झाली. मग लेखी गणितांकडे वळताना पूर्ण सोडवलेलं उदाहरण आधी द्यावं, नंतर अर्धवट सोडवलेलं, आणि शेवटी कोरं. उदाहरणांची संख्या दहावरून पाचवर आणली तरी चालेल. त्यातलं अवघड उदाहरण मात्र गाळू नये.

इथे एक रास्त आक्षेप येतो. मूल जिथे आहे तिथून शिकवा, हे तत्त्व तर सिद्ध झालेलं आहे. 'प्रथम' या संस्थेची स्तरानुसार गट करून शिकवण्याची पद्धत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं तपासली, आणि ती उपयोगी ठरते हे दाखवलं. मला हे पूर्ण मान्य आहे. पण त्या कामातून आणखी एक गोष्ट दिसते. हरियाणात या पद्धतीचा चांगला परिणाम दिसला तो शाळेच्या वेळेत रोज एक तास तिच्यासाठी राखून ठेवल्यावर. म्हणजे दिवसातला एक ठरावीक तास स्तराप्रमाणे आणि उरलेला दिवस इयत्तेप्रमाणे. शिवाय ती पद्धत मुख्यतः तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी आहे. आठ वर्षांच्या मुलाला सोप्या गोष्टीचं पुस्तक दिलं तर त्याला ते आपलं वाटतं. तेराव्या वर्षी ते अपमानाचं वाटतं. म्हणून या तासाला लागणारी पुस्तकं वेगळी लिहावी लागतील: शब्द सोपे, वाक्यं छोटी, पण विषय अंतराळाचे, अपघातांचे, खेळाडूंचे, शोधांचे, मैत्रीत पडलेल्या फुटीचे. अशी पुस्तकं मराठीत फार थोडी आहेत. चांगल्या लेखकांनी हे काम हाती घेण्यासारखं आहे.

त्या तासात वाचन शिकवायचं म्हणजे पुन्हा मुळाक्षरांपासून घासून घ्यायचं असंही नाही. सातवीत अडखळणाऱ्या बहुतेक मुलांना साधी अक्षरं येतात. ती अडतात जोडाक्षरांत, रफारात आणि लांबलचक सामासिक शब्दांत. कन्नड लिपीवर सोनाली नाग यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की आपल्याकडच्या अक्षरमालांवर पकड यायला इंग्रजी वर्णमालेच्या मानाने बरीच जास्त वर्षं लागतात. देवनागरीचा पसाराही तसाच मोठा आहे. त्यामुळे सहावीतल्या मुलाचा 'राष्ट्र' किंवा 'उद्ध्वस्त' वाचताना गोंधळ उडत असेल तर त्यात आळस शोधू नये. त्याला ते कुणीतरी पायरी पायरीने शिकवायचं राहून गेलंय. प्रगती मोजायला मोठ्या चाचण्या नकोत. स्टॅन्ली डेनो यांनी रूढ केलेली साधी रीत पुरते: आठवड्यातून एकदा एक मिनिट मोठ्याने वाचन, बरोबर वाचलेल्या शब्दांची संख्या, आणि ती आलेखावर मांडणं. आलेख मुलाच्या हातात असावा. चार-सहा आठवडे रेघ वर गेली नाही तर शिकवण्याची पद्धत बदलायची.

आता सवलतींविषयी, कारण पालकांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. परीक्षेत जास्त वेळ देणं, लेखनिक देणं, प्रश्न वाचून दाखवणं, पुस्तक ऐकायची सोय करणं, मोठ्या अक्षरांतला मजकूर देणं, या सवलती आहेत. त्यांनी मुलाला तेच ज्ञान दाखवायची संधी मिळते. धडे गाळणं, सोप्या स्तराचा पेपर देणं, बीजगणिताऐवजी नुसती बेरीज-वजाबाकी ठेवणं, ही आशयातली कपात आहे. दोन्ही कागदावर 'विशेष मदत' या एकाच मथळ्याखाली येतात. सवलतीने दार उघडतं. कपातीने पुढच्या शिक्षणाची काही दारं कायमची बंद होऊ शकतात, आणि ते पालकांना कळतं तेव्हा मूल नववी-दहावीत पोचलेलं असतं. आशयात कपात करायची तर ती कोणत्या विषयात, का आणि किती काळ, हे लिहून, पालकांना समजावून आणि मुलाशी बोलूनच व्हावी. अमेरिकेने १९७५ च्या कायद्याने प्रत्येक अपंग विद्यार्थ्यासाठी लेखी वैयक्तिक शिक्षण योजना बंधनकारक केली. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातलं कलम २४ सर्वसामान्य शिक्षणव्यवस्थेतच वाजवी सोयी मिळण्याचा हक्क सांगतं. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींना, अपंगत्वाच्या यादीत स्थान दिलं. कायद्यांची दिशा स्पष्ट आहे: मुलाला वर्गात आणा आणि वर्ग त्याच्यासाठी बदला.

पोर्शन कसा पूर्ण होणार, हा शिक्षकांचा प्रश्न खोटा नाही. पन्नास मुलांच्या वर्गात पट्ट्या, जोडीवाचन, अर्धी सोडवलेली उदाहरणं हे सगळं एकट्याने करायचं तर तो थकतोच. याचं उत्तर शिक्षकाने जास्त राबावं हे असू शकत नाही. अभ्यासक्रम मंडळांनीच प्रत्येक इयत्तेचे घटक कमी करावेत, सगळ्यांसाठी. इतिहासात दहा राजवटी धावत उरकण्यापेक्षा चार नीट समजल्या तर हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांचंही काही बिघडत नाही. संख्यारेषेची पट्टी, शब्दाची फोड, आधी प्रयोग आणि मग वाचन, यांचा फायदा पूर्ण वर्गाला होतो. आणि तरीही मनुष्यबळ लागेलच. भाषा आणि गणिताच्या काही तासिकांना वर्गात दुसरा शिक्षक लागेल. त्याला पैसे लागतील, ते सरकारने द्यावेत.

आधाराच्या तासासाठी कोणता वेळ काढायचा, यावर मात्र मी अजिबात तडजोड करणार नाही. खेळ, चित्रकला, संगीत किंवा कार्यशाळा कापून तो तास काढू नये. वाचनात रोज हरणाऱ्या मुलाला दिवसात जिंकायला तेवढीच एक जागा असते. ती काढून घेतली तर शाळेत यायचं कारणच उरत नाही, आणि पुढे गळती झाली की आपण घरच्यांना दोष देतो. शाळा सुटल्यावरचा जादा तासही नको. थकलेल्या मुलाला शिक्षा म्हणून थांबवल्यासारखं वाटतं, आणि ज्याला घरी कामाला हातभार लावायचा असतो तो येऊच शकत नाही. तास शाळेच्या वेळेतच बसवायचा. सगळ्या वर्गांचा तो एकाच वेळी ठेवावा, म्हणजे त्या वेळात प्रत्येक मूल आपापल्या गरजेच्या गटात जाईल. कुणी जोडाक्षरांसाठी, कुणी अपूर्णांकांसाठी, कुणी स्वतःच्या प्रकल्पासाठी. मग कुणा एकाला वर्गातून उठून जाताना सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागत नाहीत.

आणि हा तास घेणार कोण? आजवर तो ज्याच्या वेळापत्रकात जागा मोकळी आहे त्याच्या गळ्यात पडत आला आहे, बहुधा नुकत्याच लागलेल्या किंवा तात्पुरत्या शिक्षकाच्या. सातवीच्या मुलाला रफार आणि अपूर्णांक नव्याने, त्याचा मान राखून शिकवणं हे शाळेतलं सगळ्यात कौशल्याचं काम आहे. म्हणून ते शाळेतल्या सर्वांत अनुभवी भाषाशिक्षकाकडे आणि गणितशिक्षकाकडे द्यावं. त्यासाठी त्यांचा एखादा दहावीचा वर्ग काढून घ्यावा लागला तरी काढून घ्यावा. मुख्याध्यापक जूनमध्ये वेळापत्रकाचा कोरा तक्ता पुढे घेऊन बसतात तेव्हा त्यांनी ही दोन नावं आणि हा एक तास आधी भरावा, आणि बाकीच्या चौकटी नंतर.